आरसीसीबी बदलला तरी पडतच राहिला: शाहूपुरीतल्या एका घराच्या वायरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून चालत पाच मिनिटांवर. तळमजला आणि वर एक मजला, बांधून पस्तीसेक वर्षं झालेली. खाली निवृत्त शिक्षक काका आणि काकू, वर मुलगा, सून (पुढं वहिनी) आणि शाळेत जाणारी दोन मुलं. घराची ओळख पटू नये म्हणून नावं वगळली आहेत. मी विजेच्या कामाचा परवानाधारक ठेकेदार. हे काम माझ्याकडं २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. आरसीसीबी म्हणजे वीज जमिनीत गळली की लाइन तोडणारं, आमच्या भाषेत 'पडणारं', उपकरण. नव्या वायरिंगमध्ये तो का पडत राहिला, त्याची ही गोष्ट.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोन्ही वेळा या तळमजल्यात शिरलं. २०२१ च्या पाण्याची खूण काकांनी जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं करून ठेवली आहे, फरशीपासून तीन फूट दोन इंचांवर. पुढं सगळ्या कामात आम्ही त्या एका रेघेवरून उंच्या मोजल्या.

मूळ वायरिंग जुन्या पद्धतीचं होतं. लाकडी पेटीवर सनमायकाचे बोर्ड, पियानो स्विच, मीटरशेजारी किटकॅट फ्यूज. २००८ च्या सुमाराला हॉल आणि किचनमध्ये मोड्युलर बोर्ड बसले. २०१९ च्या पुरात त्यातले निम्मे गेले, तेव्हा ती रेंजच बंद झाली होती. दुसऱ्या कंपनीचं मोड्युल त्या चौकटीत बसत नाही, म्हणून हॉलमध्ये एक बोर्ड पांढरा, एक पिवळसर, आणि एका जागी चौकट तारेनं आवळलेली असा संसार चालू होता. २०२१ नंतर तर स्विच आणि सॉकेट धुऊन, उन्हात वाळवून परत बसवले होते. त्या दिवसांत गल्लीत बहुतेकांनी तेच केलं. घरात चिखल असताना माणूस आधी उजेड बघतो, त्यात मी कुणाला दोष देणार नाही.

२०२४ च्या जानेवारीत वॉशिंग मशीनच्या सॉकेटमधून वास यायला लागला. मी प्लेट काढली तेव्हा मागं वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता, बोटाला पावडरीसारखा लागला. फेजच्या स्क्रूवर हिरवट गंज आणि त्याच्या भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. काकांनी विचारलं, "एवढं जळेपर्यंत फ्यूज का गेला नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. गंजलेल्या किंवा ढिल्या जोडाला रोध वाढतो आणि तिथंच उष्णता साठते, पण तारेतून जाणारा करंट तेवढाच राहतो. फ्यूज काय आणि एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) काय, दोघांनाही फक्त करंट कळतो. जोड तापलाय हे त्यांना कळायची सोय नाही. म्हणून सॉकेटचा स्प्रिंग, पितळ आणि स्क्रू चांगले असणं हाच तिथला पहिला बचाव असतो.

अडचण

पूर्ण घर नव्यानं वायर करायचं हे लगेच ठरलं. घरच्यांच्या दृष्टीनं प्रश्न एकच उरला: कंपनी कुठली?

मुलाला काचेच्या प्लेटचे टच स्विच हवे होते, मोबाईलवर त्यानं फोटो जमवले होते. काकांना पंधरा वर्षांनीही त्याच कोल्हापुरात सुटा भाग मिळेल असं काहीतरी हवं होतं. वहिनींची मागणी सगळ्यात व्यवहारी: किचनच्या ओट्यावर सोळा अँपिअरचे किमान तीन पॉइंट, म्हणजे मिक्सर, ओव्हन आणि आरओसाठी एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत राहणार नाही. नेहमीच्या मिस्त्रींचा आग्रह एका स्वस्त कंपनीचा होता. त्या कंपनीच्या खोक्यांत वायरमनसाठी पॉइंटांची कुपनं असतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ग्राहकासमोर मात्र कुणी बोलत नाही.

माझ्या मनात वेगळी काळजी होती. घरात अर्थ-लीकेजचं, म्हणजे जमिनीत गळणाऱ्या विजेपासूनचं, काहीच संरक्षण नव्हतं, मागच्या अंगणातल्या अर्थिंगची तार खड्ड्यातच तुटलेली निघाली, आणि पुढचा पूर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. प्लेटांच्या रंगावर तीन संध्याकाळी गेल्या. डीबीवर, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी बसतात त्या मुख्य पेटीवर, आम्ही जेमतेम अर्धा तास बोललो, आणि पुढं जे झालं ते या अर्ध्या तासातूनच झालं.

पर्याय: प्लेट आणि सॉकेट

काका, वहिनी आणि मी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेलो. माझ्या पिशवीत गीझरचा जुना सोळा अँपिअरचा प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीचे दोन तुकडे होते. दुकानदारानं कॅटलॉग पुढं केला, मी सुटे सॉकेट मागितले.

काउंटरवर आम्ही चार-पाच कंपन्यांची सॉकेट हाताळून पाहिली. प्लग घालून सॉकेट उलटं धरलं, तो सैल लटकतो की घट्ट धरून राहतो ते पाहिलं. घरात लहान मुलं, म्हणून एकाच भोकात काडी घालून पाहिली. आतलं शटर उघडता कामा नये. टर्मिनलमध्ये अडीचच्या दोन तारा एकत्र जातात का, आणि स्क्रू आवळल्यावर त्या ओढून निघतात का, तेही पाहिलं. एका देखण्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये दुसरी तार जातच नव्हती. आपल्याकडं बोर्डावर लूप मारायची, म्हणजे एका पॉइंटवरूनच पुढच्याला तार न्यायची, पद्धत आहे, तिथं असं सॉकेट म्हणजे मिस्त्री तारेचे चार धागे कापून बसवणार हे नक्की. सगळ्या देशांचे प्लग चालतात असं ज्यावर लिहिलेलं असतं, ती सॉकेट मी पहिल्या फेरीतच बाजूला ठेवली. आपल्या गोल पिनांवर त्यांची पकड ढिली वाटते.

आयएसआय खूण बहुतेकांवर असते. सॉकेटसाठी आयएस १२९३ आणि स्विचसाठी आयएस ३८५४ हे मानक. खुणेखाली सीएम/एल आणि पुढं आकडे असतात. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि कुठल्या मालाचा आहे ते दिसतं. वहिनींनी दुकानात उभ्या उभ्या स्वतःच्या मोबाईलवर तो टाकून पाहिला. दुकानदारानंही हे पहिल्यांदाच पाहिलं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

काकांनी मधेच विचारलं, की अँकर ही आपल्याकडची जुनी कंपनी ना? होती. २००७ पासून ती पॅनासोनिककडं आहे. क्रॅबट्री हॅवेल्सची. एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडरकडं गेला आणि २०२४ पासून तो माल लॉरिट्झ नूडसेन या नावानं येतो. काकांना वाईट वाटलं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. कंपनीचं नाव पंधरा वर्षं तेच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून रेंज अशी घ्यायची, की जी आज गावातल्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते, जिचे मोड्युल लाखो घरांत बसलेत आणि त्यामुळं कंपनीला ती सहज बंद करता येणार नाही.

पहिला निर्णय

अँकरची रोमा ही रेंज घेतली. शाहूपुरीत, राजारामपुरीत, अगदी कसबा बावड्यातल्या छोट्या दुकानातही तिचं मोड्युल मिळतं, आणि आमच्या प्लगच्या परीक्षेतही ते सॉकेट उतरलं. दुसऱ्या दोन कंपन्यांची सॉकेटही तितकीच चांगली होती, पण त्यांचा माल मागवावा लागत होता. काकांच्या घराला मागवायचा माल नको होता.

मुलाच्या टच स्विचला मी विरोध केला. तसल्या बहुतेक स्विचना पेटीत न्यूट्रल (करंटच्या परतीची तार) लागतो, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि एक बिघडला तर अख्खा संच काढावा लागतो. मुलाला राग आला. मग दुकानदारानंच वाट काढली: मोड्युल तेच, वरची चौकट दुसऱ्या रंगाची. वरच्या दोन खोल्यांत ती बसली आणि तो खूश झाला. या खटपटीत आमचा आठवडा गेला, पण घरातल्या माणसाला आपलं घर आवडावं लागतं, त्यामुळं तो आठवडा मी वाया गेलेला धरत नाही.

दुसरा निर्णय: डीबी

डीबी, एमसीबी आणि आरसीसीबी एकाच कंपनीचे घ्यायचे हे मी आधीच सांगितलं होतं. एमसीबींना जोडणारी तांब्याची कंगव्यासारखी पट्टी प्रत्येक कंपनीची वेगळ्या उंचीवर बसते. मिसळ केली तर मिस्त्री पट्टी वाकवतो किंवा तारेचे तुकडे टाकतो, आणि ढिला जोड तिथंच जन्माला येतो.

मुख्य डीबी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर नेला, काकांच्या रेघेपासून साडेतीन फूट वर. खालच्या मजल्याच्या सगळ्या तारा छताकडून खाली उतरवल्या, सॉकेट फरशीपासून साडेचार फुटांवर घेतली. भिंतींना झिऱ्या (पाइपासाठी खाचा) मारताना मिस्त्री कुरकुरत होते, कारण टीव्हीमागचा पॉइंट एवढ्या उंचीवर वाईट दिसतो. दिसतो खरा. पण २०२१ चं पाणी परत आलं तरी ते सॉकेट कोरडं राहतं.

मग आरसीसीबी. त्याच्या आत एका गाभ्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला आणि परत आलेला करंट सारखा असेल तर तो शांत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. जास्त करंट ओढला म्हणून तो पडत नाही, ते काम एमसीबीचं. त्यामुळं दोन्ही लागतात.

पूर लक्षात घेऊन मी दोन आरसीसीबी ठरवले, एक खालच्या मजल्याला आणि एक वरच्याला, दोन्ही ३० मिलिअँपिअरचे. पाणी आलं तर खालचा बंद करून वर उजेड ठेवता येईल हा हेतू. वॉशिंग मशीन आणि एसी इन्व्हर्टर तंत्राचे, म्हणून दोन्ही ए टाइपचे, अशा उपकरणांचं लीकेजही ओळखणारे, घेतले. हे सगळं बरोबर होतं. बॅटरीवरच्या घरगुती इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठल्या बाजूला जाणार, हे मात्र मी कागदावर काढलं नाही.

तिसरा निर्णय: पडणारा आरसीसीबी

एप्रिलच्या शेवटी काम संपलं. गीझर, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर तिन्ही एकाच दिवशी जोडले. त्याच संध्याकाळपासून आरसीसीबी पडायला लागले. कधी खालचा, कधी वरचा, कधी दोन्ही.

मिस्त्रींचं निदान लगेच तयार होतं. "ह्या कंपनीचं लई नाजूक हाय बघा साहेब. दुसरं आणूया." मी त्या दिवशी इचलकरंजीच्या कामावर होतो. फोनवर मला गीझरचा संशय आला, कारण जुन्या गीझरचा एलिमेंट लीक होणं नेहमीचं. गीझर काढून ठेवायला सांगितला. तरी पडला. मग मिस्त्रींनी काकांकडून पैसे घेऊन दुसऱ्या, महागड्या कंपनीचा आरसीसीबी आणून खालच्या मजल्याला बसवला. तोही पडला. शेवटी रात्र काढायची म्हणून त्यांनी दोन्ही आरसीसीबींना वळसा घालून लाइन डायरेक्ट केली.

हे मला दुसऱ्या दिवशी डीबी उघडल्यावर कळलं. त्या रात्री घरात लीकेजचं कसलंच संरक्षण नव्हतं आणि मुलं ओल्या पायानं बाथरूममधून ये-जा करत होती. मिस्त्री बावीस वर्षं काम करणारा, मेहनती माणूस. त्यांनी वाईट हेतूनं केलं नाही, तरीही मी त्यांच्यावर आवाज चढवला. डायरेक्ट काढलं. दुपारी वहिनींनी सहज एक गोष्ट सांगितली: "भाऊ, वरच्या पॅसेजमध्ये रात्रभर झिरो चालतो, काही होत नाही. पहाटे डबा करायला उठल्यावर तिथलाच मोठा बल्ब लावला की पडतं."

मी जिन्यातच बसून हिशेब केला. झिरोचा एलईडी अर्ध्या वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला दोन मिलिअँपिअर. मोठा बल्ब नऊ वॅटचा, म्हणजे चाळीसच्या आसपास. तीसची मर्यादा या दोघांच्या मधे. लीकेज असतं तर ते बल्बाच्या वॅटवर ठरलं नसतं. बल्बाचा सगळाच्या सगळा करंट कुठंतरी चुकीच्या वाटेनं परत जात होता.

इन्व्हर्टरला फेज खालच्या आरसीसीबीतून मिळत होता. इन्व्हर्टरवरचे दिवे दोन्ही मजल्यांवर होते. वरच्या दिव्यांचा न्यूट्रल वरच्या आरसीसीबीच्या पट्टीवर बसवला होता. म्हणजे करंट खालून गेला आणि वरून परत आला. खालच्याला दिसलं की गेलेला परतलाच नाही, वरच्याला दिसलं की न गेलेलाच परत आला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. वरच्या पॅसेजचा न्यूट्रल तात्पुरता खालच्या पट्टीवर घेतला, बल्ब लावला. काही पडलं नाही.

वाटा तीन होत्या. दोन्ही काढून घराला एकच आरसीसीबी लावायचा: सोपं, पण पुरात मजले वेगळे करता येणार नाहीत आणि एक दोष आला की सगळं घर अंधारात. दुसरी, इन्व्हर्टर फक्त वरच्या मजल्याला ठेवायचा. मग काका-काकूंना लोडशेडिंगला खाली अंधार. तिसरी, इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतःचा तिसरा आरसीसीबी आणि स्वतःची न्यूट्रल पट्टी द्यायची. मिस्त्रींनी चौथीही सुचवली, शंभर मिलिअँपिअरचा लावायची. त्यानं बल्ब चालला असता आणि पंखा लावल्यावर पुन्हा पडला असता. शिवाय माणूस वाचवायला तीसचाच लागतो. ती मी चर्चेलाच घेतली नाही.

तिसरी वाट धरली. अडचण एवढीच, की चार बोर्डांवर दिवे आणि सॉकेट यांचा न्यूट्रल सवयीप्रमाणं एकच लूप केलेला होता. तिथं दिव्यांसाठी वेगळा न्यूट्रल ओढावा लागला. पाइप पंचवीस मिलिमीटरचे होते, म्हणून भिंत न फोडता तार गेली. वीसचे असते तर नवा गिलावा पुन्हा फुटला असता. मिस्त्रींनी महागडा आरसीसीबी काढला आणि डीबीत मूळचाच परत बसवला. महागडा इन्व्हर्टरशेजारच्या छोट्या बॉक्समध्ये एकटा बसला. तिथं पट्टीचा प्रश्न नाही, त्यामुळं कंपनी वेगळी असली तरी चालतं. इन्व्हर्टरवरच्या खालच्या दिव्यांना वेगळा डीपी स्विचही (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) दिला, कारण महावितरणनं लाइन बंद केली तरी इन्व्हर्टर पाण्यातल्या तारांना वीज देत राहतो.

परिणाम

त्यानंतर विनाकारण पडणं थांबलं. नाजूक म्हणून काढलेला तोच आरसीसीबी डीबीत आहे. मे महिन्यात वरचा एकदा पडला. काकूंनी वर्षाच्या चटणीसाठी आणलेलं जुनं मिक्सर वहिनींच्या ओट्यावर लावलं होतं आणि त्याच्या बॉडीत खरोखर लीकेज निघालं. पूर्वीच्या किटकॅटवर ते मिक्सर तसंच चालत राहिलं असतं.

वेगळं काय केलं असतं

फेजच्या सर्किटांचा कागद मी मिस्त्रींना दिला होता, न्यूट्रलचा दिला नव्हता. दोन आरसीसीबी आणि एक इन्व्हर्टर असं घर असेल तर आता मी झिरी मारण्याआधी न्यूट्रलचा वेगळा कागद, वेगळ्या रंगात काढून भिंतीवर चिकटवतो. मिस्त्रींना न्यूट्रल म्हणजे "सगळीकडं एकच" असं शिकवलेलं असतं. एकही आरसीसीबी नसलेल्या घरात ते बावीस वर्षं खपून गेलं, मग त्यांना तरी कसं कळावं?

नवी उपकरणं एका दिवसात एकच जोडायची. तिन्ही एकदम जोडली नसती तर इन्व्हर्टरवर संशय पहिल्याच तासाला गेला असता.

आणि कुपनांचं बोलणं पहिल्या दिवशी उघड करायला हवं होतं. आम्ही त्यांची कंपनी नाकारली तेव्हा मिस्त्रींचा फायदा बुडाला, हे मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो. पॉइंटमागं मजुरी थोडी वाढवून दिली असती तर नंतर डीबीतल्या कंपनीवर त्यांचा एवढा राग निघाला नसता, असं मला वाटतं. आता मी काम घेतानाच तो हिशेब मांडतो.

त्याच वर्षी जुलैच्या शेवटी पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं. काकांनी मला फोन केला नाही. डीबीच्या दारावर त्यांनी शाळेतल्या फळ्यासारख्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "पाणी आलं की आधी १, मग २. वरचं चालू राहू दे." १ म्हणजे खालचा आरसीसीबी, २ म्हणजे इन्व्हर्टरचा खालचा डीपी. त्यांनी दोन्ही पाडले, आणि काकूंना घेऊन वर जाऊन बसले.